‘द्या तुम्हाला योग्य वाटेल ते’

पत्राचा सारांश : धायरीत राहणारे चौतीस वर्षांचे एक गृहस्थ लिहितात. फिटर या ट्रेडमध्ये आयटीआय केल्यावर त्यांनी नऊ वर्षे भोसरीतील एका कारखान्याच्या देखभाल विभागात कंत्राटावर काम केले. कंत्राट संपल्यापासून, म्हणजे गेले दीड वर्ष, ते सिंहगड रस्ता, कोथरूड आणि सहकारनगर या भागांत घरगुती दुरुस्तीची कामे करतात. गळका नळ, अडलेला फ्लश, पंखा, पडद्यांचे रॉड, दाराचा लॅच, भिंतीवरचा टीव्ही अशी ही कामे असतात. मागच्या महिन्यात त्यांची ९६ कामे झाली, पण पत्नीने वहीत मांडलेल्या हिशेबात मजुरीची जमा २१,४०० रुपयेच भरली. ग्राहकाने ‘किती झाले?’ असे विचारले की त्यांच्या तोंडून ‘द्या तुम्हाला योग्य वाटेल ते’ एवढेच निघते. दहा मिनिटांच्या कामाचे तीनशे रुपये मागणे त्यांना अन्यायाचे वाटते. सहकारनगरमधील एका आजोबांकडे नळ बदलताना भिंतीतल्या गंजलेल्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपाचा एल्बो, म्हणजे वळणावरचा जोड, तुटला, टाइल फोडावी लागली आणि तीन तास गेले, तरी त्यांनी ३०० रुपयेच घेतले. दरपत्रक छापावे असे पत्नीचे म्हणणे आहे. ‘पुण्यात लोक पैशाला चिकट असतात, दर सांगितला की दुसऱ्याला बोलावतील’ ही त्यांची भीती आहे. नेहमीच्या कामांना लागणारा वेळ आणि घरखर्चाचे आकडे त्यांनी सोबत कळवले आहेत. मजुरी कशी ठरवावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्यांदा वाचताना वहीतले आकडे शेजारी कागदावर उतरवून घेतले. दीड वर्ष न चुकता रोजच्या नोंदी ठेवणाऱ्या तुमच्या पत्नीचे आधी कौतुक करतो, कारण त्या वहीशिवाय मला फक्त धीर देता आला असता, हिशेब करून दाखवता आला नसता.

‘योग्य वाटेल ते द्या’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. माझे वडील नारायण पेठेत शिवणयंत्रे दुरुस्त करीत आणि गिऱ्हाईक पैशांचे विचारू लागले की हेच म्हणत. त्यांना ते सौजन्य वाटे. संध्याकाळी नाणी मोजायला बसणाऱ्या माझ्या आईला काय वाटे, हे त्यांनी कधी विचारले नाही. म्हणून तुमच्या पत्रातल्या त्या वाक्यामागचा भिडस्तपणा मला परका नाही. तरीही मला त्या सौजन्याविषयी एक शंका उपस्थित करावीशी वाटते. तुम्ही ते वाक्य उच्चारता तेव्हा ओझे हलके होत नाही, ते समोरच्या माणसाच्या खांद्यावर जाते. फ्लशच्या टाकीतला बॉल व्हॉल्व्ह बदलण्याचा रास्त मोबदला किती, हे त्या घरातल्या बाईंना ठाऊक असण्याचे काहीच कारण नाही. त्या संकोचतात, अंदाजाने एक नोट पुढे करतात आणि दार लावल्यावर आपण कमी दिले की जास्त, याचा विचार करत बसतात. शिवाय तुमच्याच वहीप्रमाणे एकाच कामाचे एका घरातून १०० आणि दुसऱ्या घरातून ४०० रुपये आले आहेत. ज्यांनी मोकळ्या मनाने ४०० दिले, त्यांच्यावर या पद्धतीत अन्याय होत नाही का?

पुणेकर चिकट आहेत, या तुमच्या समजुतीकडेही पुन्हा एकदा पाहा. पिठाच्या गिरणीत दळणाचा दर भिंतीवर लिहिलेला असतो आणि तो वाचून कोणी घासाघीस करत नाही. तोच माणूस कामाच्या शेवटी अचानक कानावर पडलेल्या आकड्यावर मात्र हुज्जत घालतो, कारण तेव्हा त्याच्यापाशी नाही म्हणण्याची सोय उरलेली नसते. मोबाइलवरून कारागीर पाठवणाऱ्या कंपन्यांकडे लोक वळतात, त्याचेही हे एक मोठे कारण आहे असे मला वाटते. तिथे स्वस्ताई असतेच असे नाही, पण रक्कम आधी दिसते.

आता दहा मिनिटांच्या कामाकडे येऊ. पंखा सावकाश फिरतो म्हणून कोथरूडहून फोन येतो. तुम्ही धायरीहून निघता, सकाळच्या गर्दीत पाऊण तास मोडतो, इमारतीच्या फाटकावर नोंद होते, लिफ्टची वाट पाहावी लागते. मग शिडीवर चढून तुम्ही अडीच मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर बदलता आणि पंखा पूर्ववत फिरू लागतो. ग्राहकाने पाहिलेली दहा मिनिटे खरीच आहेत, पण तुमचा दीड तास गेला हेही तितकेच खरे आहे, आणि त्याचा हिशेब तुम्ही मांडला नाही तर दुसरे कोणी मांडणार नाही. कारखान्यात असताना स्टोअरमधून सामान आणायला जाणारा वेळ तुमच्या पगारातून कापला जात नव्हता. आता तो वेळ कोणी भरून देत नाही, हा बदल तुमच्या मनाने अजून पुरता स्वीकारलेला दिसत नाही.

म्हणून मिनिटांवरून सुरुवात न करता महिन्यावरून करू. तुम्ही कळवलेला घरखर्च २७,००० रुपये आहे. पेट्रोल आणि गाडीची देखभाल ३,०००, फोन ४००, ड्रिलचे बिट, करवतीची पाती, टेफ्लॉन टेप, स्क्रू, स्क्रूसाठी भिंतीत ठोकायचे प्लग अशा झिजणाऱ्या-संपणाऱ्या वस्तू १,५००. तुमची सारी हत्यारे आणि शिडी मिळून ३६,००० रुपयांची आहेत आणि ती सुमारे तीन वर्षांत बदलावी लागतील असे धरले, तर त्यांच्यासाठी महिन्याला १,००० बाजूला पडले पाहिजेत. गाडीचा आणि आरोग्याचा विमा १,१००. आजारपण, काम नसलेले दिवस आणि आपल्या हातून झालेली मोडतोड भरून देणे यांसाठी ३,००० रुपयांची शिल्लक हवी. ही बेरीज ३७,००० होते. महिन्याचे २५ दिवस काम धरले, तर दिवसाला १,४८० रुपये मिळाले पाहिजेत. तुम्ही नऊला निघता आणि सातला परतता. त्या दहा तासांतून जेवण, प्रवास, दुकानाच्या फेऱ्या आणि फोन वगळले, तर प्रत्यक्ष काम पाच तासांचे उरते. म्हणजे तुमच्या एका तासाची किंमत जवळपास ३०० रुपये आहे. हा आकडा मी बाजारातून आणलेला नाही, तो तुमच्याच वहीतून निघाला आहे. हे सदर वाचणाऱ्या सुताराचा, मिक्सर दुरुस्त करणाऱ्याचा किंवा घरी कपडे अल्टर करून देणाऱ्या ताईंचा आकडा वेगळा येईल, पण तो काढण्याची रीत हीच राहील.

आज तुम्हाला एका कामामागे सरासरी २२३ रुपये मिळतात. ३७,००० गाठण्यासाठी त्याच ९६ कामांमागे सरासरी ३८५ मिळायला हवेत. हा फरक पाहून घाबरू नका, कारण याच फरकात तुमच्या भीतीचे उत्तरही दडले आहे. सरासरी ३८५ झाल्यावर ९६ पैकी ४० ग्राहक खरोखर दुसरीकडे गेले, तरी उरलेल्या ५६ कामांचे २१,५६० रुपये होतात. म्हणजे जमा आजच्याइतकीच राहील, पेट्रोल वाचेल आणि मोकळ्या वेळात नवी कामे घेता येतील. दर वाढवल्याने दहापैकी चार माणसे निघून जातील असे मला मुळीच वाटत नाही, पण तुमचे वाईटातले वाईट स्वप्न खरे ठरले तरी घर आजच्यापेक्षा खाली जात नाही, हे कागदावर पाहून ठेवणे बरे.

दराची रचना कशी असावी, यासाठी रिक्षाच्या मीटरची पद्धत मला सर्वांत सोपी वाटते. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्यात रिक्षाचे भाडे पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १७ रुपये असे ठरले, तेव्हा त्यातला पहिला आकडा केवळ अंतराचा नव्हता. रिक्षा थांबली, वळली, तुमच्यासाठी मोकळी झाली, याचा मोबदला त्यात होता. तुमचाही एक किमान आकार असावा. येणे, पाहणे आणि पहिला तास मिळून ३५० रुपये, आणि त्यापुढे प्रत्येक अर्ध्या तासाला १५० रुपये. दोष पाहिल्यावर ग्राहकाला काम करून घ्यायचे नसेल, तर येण्याचे १५० घ्यावेत आणि हे फोनवरच सांगावे. महिन्यात ९६ कामे या किमान आकाराने झाली तर ३३,६०० होतात, आणि त्यांतली २३ कामे अर्धा तास जास्त चालली तरी ३७,००० पूर्ण होतात. तुम्ही कळवलेल्या वेळा पाहता हे सहज घडेल.

मात्र प्रत्येक ठिकाणी घड्याळ लावून बसू नका. ग्राहकाला घड्याळाची धास्ती वाटते आणि तुमचा हात सफाईदार असल्याची शिक्षा तुम्हालाच मिळते. ज्या कामांचा वेळ तुम्हाला पक्का ठाऊक आहे, त्यांना ठोक दर द्या. तो ठरवताना सर्वांत लवकर आटोपलेला दिवस धरू नका. दहापैकी आठ वेळा जेवढ्या वेळात ते काम पुरे होते, तेवढा वेळ धरा. पंखा उतरवून नवा बसवणे तुमच्याकडे पाऊण तासाचे आहे, तेव्हा ते ३५० मध्येच बसते. एका खिडकीचा रॉड ३५०, पण तीन खिडक्यांचे मिळून ५००, कारण येणे-जाणे एकदाच होते. हा फायदा ग्राहकाला आपणहून सांगा, म्हणजे लोक बारीकसारीक कामे साठवून एकदम बोलावतील आणि त्यात तुमचेही भले आहे. टीव्ही बसवण्याचा मात्र एकच दर छापू नका. पेठेतल्या जुन्या वाड्यात माती-विटांची भिंत असते आणि प्लग धरत नाही, हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा प्लग ढिला पडतो, आणि बाणेर-बालेवाडीकडच्या नव्या उंच इमारतींत अनेकदा सगळी भिंतच काँक्रीटची असते, तिथे चार भोके पाडताना बिटाची धार जाते. विटांच्या भिंतीला ५०० आणि काँक्रीटला ७०० असे दोन दर ठेवा आणि भिंत कशाची आहे, हे फोनवर विचारून घ्या. उत्तर येत नसेल तर दोन्ही आकडे सांगा.

प्रवासाविषयी एक गोष्ट तुमच्या वहीतून ठळक दिसते. एकाच दिवशी सकाळी सहकारनगर, दुपारी कोथरूड आणि संध्याकाळी पुन्हा सहकारनगर अशा फेऱ्या तुम्ही बऱ्याचदा केल्या आहेत. तातडी नसलेल्या कामांसाठी भागांचे वार ठरवा. प्रत्यक्ष कामाचे तास पाचाचे सहा झाले, तर तासाची गरज ३०० वरून २४७ रुपयांपर्यंत उतरते. ग्राहकावर भार न टाकता उत्पन्न वाढवण्याचा यापेक्षा सरळ उपाय मला तुमच्या आकड्यांत दिसला नाही. उलट रविवारी किंवा रात्री कोणी बोलावले, तर वेगळा आकार घेण्यात गैर काही नाही, फक्त तो घरातून निघण्यापूर्वी सांगितलेला असावा.

सहकारनगरच्या आजोबांचे प्रकरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण तिथे दराचा नव्हे तर आधी न बोलण्याचा प्रश्न होता. जुन्या इमारतींतले जीआय पाइप आतून गंजलेले असतात, नळ फिरवताना आटे तुटून भिंतीतच अडकतात, हे तुम्हाला माहीत होते आणि आजोबांना माहीत नव्हते. पाइप गंजला हा तुमचा दोष नाही, पण ती शक्यता पाना लावण्यापूर्वी सांगणे हे तुमचे काम होते. ते सांगितले असते, तर तीन तासांचे ९५० रुपये मागण्यात काहीही वावगे नव्हते. न सांगितल्यामुळे तुम्हाला मागता आले नाहीत, आणि न मागणेच योग्य होते. याउलट तुमच्या हातून पाना निसटून बेसिनला तडा गेला, तर तो खर्च पूर्णपणे तुमचा आहे. वर धरलेली ३,००० रुपयांची शिल्लक त्याचसाठी आहे.

भिंतीच्या आतली गळती, वरच्या मजल्यावरून उतरणारी ओल, वारंवार तुंबणारी लाइन अशा कामांना ठोक दर कधीही सांगू नका. फोनवर साधारण असे बोलता येईल : ‘काका, येऊन बघणे आणि पहिला तास मिळून ३५० रुपये होतील. वॉशर किंवा स्पिंडल बदलून भागले तर तेवढ्यातच होईल. आत पाइप खराब निघाला तर मी थांबेन, पुढचा खर्च सांगेन आणि तुम्ही हो म्हणालात तरच पुढे जाईन.’ हे वाक्य पाठ करा, आरशासमोर म्हणून पाहा. तुमची अडचण आकड्यापेक्षा तो उच्चारण्याची आहे, आणि फोनवर तो उच्चारणे समोरासमोर उच्चारण्याहून सोपे जाते.

सामानाचा हिशेब मजुरीत मिसळू नका. नाना पेठेतून किंवा तपकीर गल्लीतून तुम्ही घाऊक भावाने अँगल कॉक, कनेक्शन पाइप, कंडेन्सर आणून ठेवता आणि ग्राहकाला छापील किमतीच्या आत देता, तेव्हा मधला फरक तुमचा हक्काचा आहे, कारण तुम्ही भांडवल गुंतवले आणि त्याची दुकानाची फेरी वाचवली. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेणे मात्र कायद्याला धरून नाही. ग्राहकाला दुकानात पाठवून त्याच्या नकळत दुकानदाराकडून कमिशन घेण्याची जी रीत पडली आहे, तिच्यापासून दूर राहा. ती एकदा उघड झाली की पुढच्या प्रत्येक आकड्यावर संशय घेतला जातो. तुम्ही आणलेल्या वस्तूची आणि कामाची हमी तुमची, ग्राहकाने आणलेल्या वस्तूला फक्त बसवण्याची हमी, असे बिलावर स्पष्ट लिहा. बसवण्याची हमी ३० दिवसांची पुरेशी आहे.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडून पूर्ण पैसे घेणे जिवावर येते, असे तुम्ही लिहिता. ते येऊ द्या, त्यात काही बिघडलेले नाही. फक्त सवलत ही सवलत म्हणूनच द्या. बिलावर ३५० लिहा, खाली १५० वजा करा आणि २०० घ्या. म्हणजे कामाची किंमत आजी-आजोबांनाही कळेल, त्यांच्या शेजाऱ्यांना २०० चा चुकीचा आकडा सांगितला जाणार नाही आणि महिन्यात तुम्ही किती सोडले, हे वहीत दिसेल. महिन्याला अशी सहा-सात कामे तुमच्या हिशेबाला झेपतील. त्यापुढे गेलात तर ती सवलत तुमच्या मुलांच्या फीमधून जाऊ लागेल.

तीन गोष्टी थोडक्यात. स्विच, होल्डर, पंखा इथपर्यंत ठीक आहे, पण नवे वायरिंग किंवा वाढीव लोडचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराचे आहे. त्याचा दर तुमच्या कागदावर असूच नये, ओळखीच्या परवानाधारकाचा नंबर द्या. आणि एखादी सोसायटी जीएसटीचे बिल मागेल, तेव्हा गोंधळू नका. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने तुम्हाला सर्वसाधारणपणे नोंदणीची गरज नाही, आणि नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावता येत नाही. साध्या छापील पावतीवर नाव, काम, मजुरी आणि सामान वेगवेगळे लिहून द्यावे. विम्याच्या आकड्यात प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाचे २० रुपये अवश्य धरा. बँकेच्या खात्यातून ते कापले जातात आणि दोन लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. रोज शिडीवर चढणाऱ्या माणसाने ते टाळू नये.

आता दरपत्रकाचे. तुमच्या पत्नीचे म्हणणे बरोबर आहे, पण छापण्याआधी एक महिना हे दर तोंडी सांगून पाहा आणि प्रत्येक कामासमोर निघाल्याची व संपल्याची वेळ लिहा. ज्या कामात तुम्ही सतत घाट्यात गेलात, त्याचा दर महिन्याअखेरीस सुधारा आणि मगच अर्ध्या पानाचा कागद छापा. त्यावर दहा-बारा नेहमीची कामे, किमान आकार, येण्याचा आकार आणि हमी एवढेच असावे. जुन्या ग्राहकांना व्हॉट्सअपवर दोन ओळी पाठवा की पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून हे दर राहतील. कारणांची लांबण लावू नका आणि माफीही मागू नका. कोणी ‘आधी तर दोनशे घेत होतात’ म्हणाले, तर ‘हो, तेव्हा मी हिशेब मांडला नव्हता’ हे खरे उत्तर पुरेसे आहे.

सहकारनगरच्या आजोबांकडे मात्र एकदा फोन करून घ्या. पैशांसाठी नव्हे, तो व्यवहार मिटला आहे. पण तुटलेल्या एल्बोच्या पुढचा पाइपही त्याच वयाचा आहे आणि बाथरूममधला दुसरा नळ कधीतरी बदलावा लागेल. तेव्हा काय होऊ शकते आणि किती खर्च येईल, हे त्यांना आजच सांगून ठेवा. आकडा आधी सांगण्याचा सराव त्याच घरापासून सुरू करता येईल.